श्वास धरून ठेवा

३ जून

प्रिय आत्या,

पाकिटात एक फोटो आहे. आधी तो बघ, मगच पुढचं वाच.

पाहिलास? काळ्याकुट्ट कागदावर एक पांढरा कंगवा, एक उघडी कात्री आणि चष्म्याची एकच काच. कंगव्याचे मधले तीन दात नाहीत, मोजून घे. तिनं पाठवलाय. सोबत पत्र नाही, चिठ्ठी नाही, पाकिटावर फक्त माझा पत्ता. चार दिवस मी दुसरं काही बघितलेलं नाही.

ती म्हणजे कोण हे तुला सांगायला नको. जिच्या फोटोंना सर भर वर्गात 'कचऱ्याच्या टोपलीतली कात्रणं' म्हणाले आणि जिच्यासाठी मी सरांच्या बुटांवर हायपोचा अख्खा ट्रे उलटा केला, ती. त्या पाण्यानं फोटो पक्के होतात, बूट होत नाहीत. कॉलेजनं माफीनामा मागितला. मी देणार नव्हतो. पण बाबांनी तो माझ्या नावानं लिहिला, खाली माझी सही ठोकली, आणि दुकानाला कुलूप लावून स्वतः नेऊन दिला. माझी सही, आत्या! माझ्यापेक्षा चांगली केली! त्याच दिवशी मी कॉलेज सोडलं, घरही सोडलं. सात महिने झाले. ते स्वतःहून लिहीत नाहीत तोवर मी त्यांना एक ओळ लिहिणार नाही. हे तुलाही माहीत आहे, त्यांनाही.

इथं स्टुडिओत दिवसाला तीस-चाळीस माणसांना मी एकच मंत्र सांगतो: हनुवटी वर, कान दिसू द्या, हसू नका. मालकांचं म्हणणं, ओळखपत्रावर हसणारा माणूस संशयास्पद दिसतो. इथं कुणाला कंगव्याचा अर्थ विचारणार?

म्हणून तुला विचारतोय. एकतीस वर्षं तू हॉस्पिटलात एक्स-रे काढतेस. माणसांच्या आतलं बघणारी आपल्या घराण्यात तूच एक. माझा अर्थ असा: कात्री उघडी, म्हणजे अजून काही कापलं गेलेलं नाही. चष्म्याची एकच काच, म्हणजे 'तू मला अर्धंच पाहिलंस'. दातांचं अजून लागत नाही. तू सांग.

तुझा,
काडेपेटी


१० जून

चि. काडेपेटीस,

न घासता पेटणारी काडी आपल्याच घरात निपजावी, हे आमचं भाग्य. आशीर्वाद.

फोटो पाहिला. पण एक समजून घे, मी प्लेट काढते, वाचत नाही. वाचायचं काम डॉक्टरांचं. ओली प्लेट उजेडाकडे धरली की सगळ्यांच्या आधी मलाच कळतं, आणि बाहेर येऊन मी म्हणते, "बसा, रिपोर्ट उद्या मिळेल." चेहरा इस्त्री केल्यासारखा. आत काय दिसलं हे एकतीस वर्षांत मी एकाही पेशंटला सांगितलेलं नाही. नोकरी तीच आहे माझी, बटण तर कुणीही दाबेल.

तुझा कंगवा मात्र पेशंट नाही, म्हणून सांगते. हा फोटो कॅमेऱ्यानं काढलेला नाही. अंधाऱ्या खोलीत कागदावर वस्तू ठेवल्या, दिवा लावला, विझवला. माझ्यासारखंच. काळं दिसतं तिथं उजेड पोचला. पांढरं दिसतं तिथं मध्ये काहीतरी आडवं आलं. छातीच्या प्लेटमध्ये फुप्फुसं काळी दिसायला हवीत, कारण आत नुसती हवा. हाडं पांढरी. पांढरं नको तिथं दिसलं की डॉक्टर खुर्ची पुढं ओढतात. नियम एवढाच. बाकी तुझं कवित्व.

आणि अशा फोटोत वस्तू खऱ्या मापाची येते. मी पट्टी लावली. कंगवा साडेसात इंच. एवढा कंगवा ज्याला लागतो त्याच्या डोक्यावर जंगल असणार. तुझं कपाळ तर विसाव्या वर्षीच मागं सरकायला लागलंय. तेव्हा कंगवा तू नव्हेस, राजा.

दादाचं दुकान चालू आहे. खोकतो. लाकडाचा भुसा जातो म्हणतो, पण फ्रेमा करायला लागून त्याला तीस वर्षं झाली, भुसा काय आजच जायला लागला? खांदाही दुखतो. तुला मागं बसवून सायकलवरून पडला होता बघ. तू वर पडावास म्हणून स्वतः खाली आला, नि गळ्याखालचं हाड वाकडंच जुळलं. त्या गाठीवर बोट ठेवल्याशिवाय तू झोपायचा नाहीस. शाळेत जायला लागलास तरी, दुधाचे दात पडले तरी.

त्याला दोन ओळी लिही. माफी मागू नकोस, ती त्याला लिहिता येते.

तुझी,
आत्या


१९ जून

आत्या,

तू पट्टी लावलीस! एखाद्यानं हुंदका दिला तर तू तो वजनकाट्यावर ठेवशील.

पण तुझ्यावर रागवायला वेळ नाही, कारण आणखी दोन फोटो आलेत, सोबत पाठवतोय. पहिला: खुर्चीत सूटबूट घातलेला माणूस, डोक्याच्या जागी किटली. हात जाहिरातीतून कापलेले, हातमोज्यांचे. किटलीच्या तोटीतून वाफेऐवजी पिसं निघतायत. दुसरा: पाठमोरी बाई, आणि तिच्या पाठीत एक उघडी खिडकी. एकाच निगेटिव्हवर दोन फोटो घेतलेत.

हसू नकोस. याला खानदान आहे. एका मोठ्या युद्धाच्या काळात काही तरुण पोरांनी विचार केला, की शहाण्या, टाय लावणाऱ्या माणसांनी शांतपणे नकाशे बघून लाखो माणसं मारली. मग असलं शहाणपण गेलं खड्ड्यात. त्यांनी वर्तमानपत्रं कापली, यंत्रांच्या जाहिराती कापल्या, सेनापतींचे फोटो कापले, आणि याचं मुंडकं त्याच्या धडावर चिकटवलं. त्या चळवळीचं नाव 'दादा'. अर्थ काही नाही, मुद्दामच नाही. त्यांच्यामागून आले ते स्वप्नवाले. ते म्हणाले, माणूस जागेपणी खोटं बोलतो, झोपेत खरं बोलतो. तेव्हा फोटो असा काढा, की जणू कॅमेऱ्यालाच झोप लागलीय. असल्या फोटोत वस्तू म्हणजे वस्तू नसते, आत्या. कंगवा म्हणजे कंगवा नसतो.

आता डोक्याच्या जागी किटली. सांग, डोकं तापणारी माणसं तिच्या ओळखीत किती आहेत? आणि तापूनही त्यातून पिसं निघतात, म्हणजे तिला माझ्या रागातली माया दिसली. त्यानंतर खिडकी. उघडी! ती मला बोलावतेय, पण शब्दांत बोलावणार नाही, कारण ती तशीच आहे. पुढच्या महिन्याच्या शेवटी कॉलेजात तिच्या वर्षाचं प्रदर्शन आहे. छापील आमंत्रण आलंय. मी जाणार.

बाबांच्या खोकल्याचं मला लिहू नकोस. मलाही येतो खोकला. मी कुणाच्या सह्या करत फिरतोय?

काडेपेटी


३० जून

चि. काडेपेटीस,

दादा नावाची चळवळ! माझ्या माहितीत दादा एकच, आणि त्याला जागचं हलवणं अजून कुणाच्या बापाला जमलेलं नाही. आमच्या बापालासुद्धा.

किटली मला किटलीच दिसली. खिडकीचं म्हणशील, तर एकावर एक दोन फोटो आमच्याकडेही कधीकधी होतात. त्याला आम्ही चूक म्हणतो, पेशंटला परत उभं करतो. एकदा एका मास्तरांच्या पोटात कुणाचा तरी पंजा आला होता. डॉक्टर म्हणाले, "यांनी कुणाला खाल्लं?"

आज थट्टा जमत नाहीये. परवाचं सांगते.

परवा माझ्या खोलीत एक माणूस आला. फार जुन्या ओळखीचा. शर्ट काढून छाती टेकवून उभा राहिला. मी काचेआड गेले, "श्वास घ्या, धरून ठेवा" म्हणाले, बटण दाबलं. आणि त्याच्या उघड्या पाठीकडे बघतच राहिले. केवढी वाळलीय. "सोडा" म्हणायचं राहूनच गेलं. तो बिचारा लालबुंद होईपर्यंत तसाच उभा. शेवटी म्हणाला, "अगं, सोडू का आता?"

मग मी प्लेट धुतली. उजेडाकडे धरली. बाहेर आले, आणि "रिपोर्ट उद्या मिळेल" हे शब्द तोंडातून फुटेनात. एकतीस वर्षांची इस्त्री मोडली. त्यानं बघितलं नि ओळखलं. तिथंच माझा हात धरून शपथ घ्यायला लावली, की कुणाजवळ बोलायचं नाही. "दयेपोटी कुणी यायला नको. यायचं त्यानं आपणहून यावं."

शपथ बोलण्याची आहे. म्हणून मी बोलत नाही.

तू मला तीन फोटो पाठवलेस. माझ्याकडूनही एक घे. नावाचा कोपरा मी कापून टाकलाय. तुला वाचता येतं ना सगळं? मग वाच. घाई करू नकोस. वरच्या बाजूला नीट बघ, खांद्यापाशी.

आत्या


९ जुलै

आत्या! आत्या! आत्या!

तू इतकी वर्षं कुठं लपून बसली होतीस? मी तुला पट्टीवाली म्हणालो, ते शब्द परत घेतो. पाकीट उघडलं, प्लेट खिडकीच्या काचेला लावली, आणि मालकांना हाक मारली. मालकांनी चष्मा पुसून परत बघितलं. त्यांना काही आवडणं सोपं नाही, ते हसणाऱ्या गिऱ्हाइकाला रागवतात.

माझं वाचन ऐक. खाली पिंजरा आहे. त्याच्या गजांना दोन्हीकडून बाक, कारण आतलं काहीतरी बाहेर ढकलतंय. पिंजऱ्यात पक्षी नाही, एका बाजूला एक पांढरा ढग आहे. पक्षी उडून गेला नि पिंजऱ्यानं त्याच्या जागी आभाळ पकडलं! आणि वर, जिथं तू नीट बघ म्हणालीस तिथं, पिंजऱ्याच्या छतावर एक वाळकी फांदी. सरळ येते, मध्येच मोडल्यासारखी वाकते, तिथं गाठ आहे, आणि मग पुढं जाते. ती गाठ काय आहे माहितेय? मीच. सरळ चाललेल्या घरात मध्येच आलेली गाठ. तुला हेच म्हणायचं होतं ना? पोचलं, आत्या. इतक्या प्रेमानं मला कुणी रागावलेलं नाही.

मी ती आपल्या मोठ्या कागदावर छापली, चौदा बाय सतरा, जशीच्या तशी. छापल्यावर पांढऱ्याचं काळं झालं. ढग आता भरून आल्यासारखा दिसतो. काल तो तिला पाठवला. नाव दिलंय, 'पिंजऱ्यातला ढग'. लिहिलंय, तुझ्या खिडकीला माझं हे उत्तर.

तुझ्या त्या ओळखीच्या माणसाला लवकर बरं वाटो. तुला इतकं लागलं म्हणजे माणूस चांगला असणार.

तुझाच,
काडेपेटी


१४ जुलै

चि. काडेपेटीस,

पत्र मी वॉर्डातच वाचलं. नर्स म्हणाली, पाणी आणू का.

तो फोटो परत मागव. आजच्या आज.

ती फांदी नाही. याहून जास्त मी लिहू शकत नाही आणि कमी लिहून भागत नाही. तू म्हणालास, असल्या फोटोत वस्तू म्हणजे वस्तू नसते. असेल. माझ्या फोटोत असते. मी तुला नियम सांगितला होता, काळं म्हणजे काय, पांढरं म्हणजे काय, आणि माप खरं असतं. तो नियम तू कंगव्यापाशी ठेवून आलास का रे? तिच्या किटलीत तुला स्वतःचं डोकं सापडलं. इथं काहीच सापडलं नाही?

चूक माझीच. ज्याला सगळीकडे दुसरंच काही दिसतं, त्याला मी सरळ गोष्ट दाखवायला गेले.

दादा हल्ली दुकान अर्धाच दिवस उघडतो. गिऱ्हाईक विचारतं तेव्हा म्हणतो, "अर्ध्या दिवसात जेवढी चित्रं चांगली निघतात तेवढीच लावतो."

ये.

आत्या


२८ जुलै

मागचं पत्र मिळालं का? उत्तर नाही. रागावला असशील तर रागाव.

समेट करायला नको येऊस. भांडायला ये. तो भांडेल, त्याला बरं वाटेल. दोन वाक्यांनंतर त्याला थांबावं लागतं, तेव्हा तेवढी कळ काढ. पण ये.

आत्या


६ ऑगस्ट

अरे,

तू आमच्या प्रदर्शनातून दार आपटून गेलास, तेव्हा काचेवरची सूचना खाली पडली. सूचना होती 'शांतता राखा'. तुला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

आता नीट वाच, कारण तिथं तू मला बोलू दिलं नाहीस. "आठ जणांना पाठवलेस?" म्हणून ओरडलास. हो, आठ जणांना. आपल्या जुन्या गटातल्या सगळ्यांना, तेच तीन फोटो. सोबत पत्र मुद्दामच नव्हतं. पत्र दिलं की लोक पत्र वाचतात, फोटो बघत नाहीत. काय दिसतं ते प्रत्येकाकडून हवं होतं मला. इतर सात जणांनी आपापलं कळवलं. तू कळवलंस, की मी तुला बोलावतेय.

कंगवा माझ्या मोठ्या भावाचा आहे. किटली आमच्या घरची, तिचं बूड गळतं. आई ती टाकू देत नाही, म्हणून मी ती एका माणसाच्या खांद्यावर ठेवली. तिला अर्थ आहे, पण तो तू नाहीस. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये. पण तू सगळ्या जगाच्या फोटोत स्वतःला शोधतोस, आणि फोटोतलं बाकीचं राहून जातं.

ट्रेचंही एकदाच सांगते. सरांना मी उत्तर देणार होते. तयार होतं, ओठांवर होतं. तू ट्रे उलटा केलास नि सगळा वर्ग बुटांकडे बघायला लागला.

आता खरं कारण, ज्यासाठी पत्र लिहितेय. यासाठीच तुझ्यामागं रस्त्यापर्यंत धावले होते, तू वळून बघितलं नाहीस.

'पिंजऱ्यातला ढग' मी लावला होता, तुझ्या नावानं, उजेडाच्या भिंतीवर. खरंच चांगला दिसत होता. लोक थांबत होते. तू यायच्या तासभर आधी एक बाई आल्या, पांढरे केस, हातात छत्री. इतर फोटोंपुढून भराभर गेल्या आणि तुझ्यापुढं थांबल्या. मला विचारलं, "हा कोण?"

मी म्हटलं, "हा फोटो एका मित्राचा आहे."

"फोटो कुणाचा ते नाही विचारलं. माणूस कोण?"

मला कळेना. मी तुझा ढग, तुझा पिंजरा, तुझी फांदी सगळं सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "मी छातीची डॉक्टर आहे. हे गळ्याखालचं हाड. कधीतरी मोडलंय, वाकडं जुळलंय. आणि हा तुमचा ढग..." पिशवीतून कार्ड काढून माझ्या हातात दिलं. "या माणसाला भिंतीवर नका लावू. माझ्याकडे पाठवा. लवकर."

मी फोटो तेव्हाच उतरवला. तुला रिकामा खिळा दिसला, आणि तुझा फोटो मी लावलाच नाही असं समजून तू त्यावरही ओरडलास.

कार्ड सोबत जोडलंय. प्लेट आत्याकडून आली असं तू लिहिलं होतंस. माणूस कोण, ते मला माहीत नाही. तुला माहीत असायला हवं.


१० ऑगस्ट

आत्या,

तुझी दोन्ही पत्रं टेबलावर न उघडलेली पडली होती. पहिलं आलं तेव्हा मला वाटलं, परत पट्टी लावली असशील. दुसरं आलं तेव्हा मी प्रदर्शनाला निघालो होतो. तिथून आलो नि काहीच उघडलं नाही. तिचं पत्र आलं, ते उघडलं. तिचं होतं म्हणून.

प्लेट इथंच आहे. खिडकीला लावली. गाठीवर बोट ठेवलं. डोळे मिटून ठेवलं.

खऱ्या मापाची आहे, आत्या. बोट तेवढं मोठं झालंय.

आणि त्या गाठीला मी म्हणालो, मीच. मीच तर. सायकलवर मागं मीच होतो.

हे पत्र आधी पोचेल की मी, माहीत नाही. मालक पुढचा माणूस मिळेपर्यंत थांब म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, जा. बाबांना सांग, काडेपेटी यायचं म्हणतोय, आपणहून. त्याला काही माहीत नाही, असं सांग. एवढी एक प्लेट त्यांच्यासाठी खोटी वाच.

कार्डावरच्या डॉक्टर बाई चांगल्या आहेत ना गं? पांढरे केस आहेत म्हणे. पांढरे केस म्हणजे बऱ्याच जणांना बरं केलं असेल.

मी


२१ सप्टेंबर

तुला हे पत्र उशिरा लिहितोय. तू परत पाठवलेला माझा फोटो मिळाला, दहा दिवस झाले.

मी बाबांच्या दुकानात बसून लिहितोय. सकाळी दुकान मी उघडतो, फ्रेमांच्या पट्ट्या कापतो. पंचेचाळीस अंशांचा काप अजून जमत नाही, कोपऱ्यात फट राहते. बाबा खुर्चीत बसून बघतात. बोलायला श्वास लागतो, म्हणून ते बोलायच्या आधी निवडतात. माझ्या फटीवर मात्र श्वास खर्च करतात.

घरी पोचलो त्या दिवशी काय काय बोलायचं, हे मी वाटेत सगळं ठरवलं होतं. ते फ्रेमेला दोरी लावत होते. वर बघितलं नि म्हणाले, "आलास? ही दोरी धर." मी धरली. अजून धरलीच आहे म्हण.

डॉक्टर बाईंकडे नेलं. त्या 'उशीर' हा शब्द वापरत नाहीत. 'बघू' म्हणतात. मी विचारलं, जुलैत आणलं असतं तर? त्यांनी प्लेट पाकिटात घातली, आणि बाबांना कुठल्या कुशीवर झोप लागते ते विचारलं. त्यांचीही इस्त्री चांगली आहे.

दर पंधरा दिवसांनी आत्या त्यांची प्लेट काढते. मी तिच्या शेजारी काचेआड उभा असतो. ती म्हणते, "श्वास घ्या, धरून ठेवा." आता 'सोडा' म्हणायला ती विसरत नाही. बाबा सोडतात, खोकतात, शर्ट शोधतात. माझाच सोडायचा राहतो. मग ती ओली प्लेट घेऊन बाहेर येते. मी प्लेटकडे बघत नाही, तिच्या चेहऱ्याकडे बघतो. तिथं काहीच लिहिलेलं नसतं, आणि आता मला तेवढं वाचता येतं.

तुझं पार्सल बाबांनीच उघडलं. दुकानात आलेलं प्रत्येक पार्सल तेच उघडतात, त्यांना वाटलं गिऱ्हाइकाचं चित्र आहे. मी पट्टी कापत होतो. मागं वळलो, तर फोटो त्यांच्या हातात. पळून जावंसं वाटलं, पण दुकानाला दार एकच आहे आणि त्यात त्यांची खुर्ची असते.

पुष्कळ वेळ बघत होते. मग म्हणाले, "काय आहे हे?"

मला खोटं बोलायचं होतं, ते जमलं नाही. खरं बोलायचं होतं, तेही नाही. मी म्हणालो, "पिंजऱ्यातला ढग."

"आणि ही?"

"फांदी."

"हं. गाठ आहे फांदीला." त्यांनी गळ्याखाली हात नेला, सहज, खाजवल्यासारखा. मग उठले. आधार घेत उठले. कपड्याच्या दुकानात शर्ट लावून बघतात तसा तो फोटो दोन्ही हातांनी छातीवर धरला नि मला विचारलं, "होतोय का मला?"

मला हसू आलं. त्यांना पण आलं, आणि मग खोकला आला. तो थांबेपर्यंत मी फोटोचं एक टोक धरून उभा होतो. दुसरं काही धरता येण्यासारखं नव्हतं.

आत्या आली तेव्हा तिनं फोटो टेबलावर पाहिला आणि ती दारातच थांबली. बाबा म्हणाले, "बोलायचं नाही, अशी शपथ होती. छापायचं नाही असं मी म्हणालो नव्हतो. माझीच चूक." ती आत जाऊन खूप वेळ नळ सोडून उभी होती.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मला त्या फोटोला फ्रेम करायला लावली. काळी पट्टी, साधी. दोन कोपऱ्यांत फट राहिली, ती त्यांनी भुसा नि सरस भरून स्वतः बुजवली. मी काच कापून ठेवली होती, चौदा बाय सतरा, पहिल्यांदाच एका ओढीत सरळ कापली गेली. ती बसवायला घेतली तर म्हणाले, "काच नको लावू त्याला. आधीच श्वास पुरत नाही बिचाऱ्याला."

तसाच टांगलाय. बिनकाचेचा. दुकानात त्यावर भुसा बसतो, तो ते रोज फुंकरायला जातात नि मग मला खुणावतात. मी फुंकरतो.

तू मला बोलावत नव्हतीस, हे मला कळलंय. पुरतं कळलंय असं नाही, पण रोज थोडं कळतं. सरांना देणार होतीस ते उत्तर काय होतं, हे मी कधी विचारलंच नाही. ते ऐकायचंय. नाही सांगितलंस तरी चालेल.

पण एक मागणं आहे, आणि ते माझं नाही. कापलेली काच कुठं ठेवू, असं मी बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "त्या मुलीचं काहीतरी असेल ना? जिच्यापायी मला तुझी सही शिकावी लागली. तिचं एखादं चित्र मागव, मी लावतो. स्वतः लावतो, तुझ्या फटी नकोत."

तेव्हापासून काच भिंतीला टेकून उभी आहे आणि रोज विचारतात, आलं का काही. कंगवा, किटली, काहीही पाठव. आठ जणांना पाठवशील त्यातलंच पाठव. त्याचा अर्थ मी लावणार नाही, नुसतं बघेन.

माप चौदा बाय सतरा. घाई नाही, असं लिहिणार होतो. पण घाई आहे.